नाइदाच्या पोटातल्या चोवीस पिना

१ जानेवारी १९५७
नवं वर्ष. संकल्प: रोज डायरी लिहायची, थोडक्यात, इंजिनिअरला शोभेल अशी. सिगारेटी निम्म्यावर. मार्चमध्ये क-४ पास.
हा शेवटचा खरं तर संकल्पच नाही, झाल्यातच जमा आहे. आतडं दोऱ्याने शिवण्याऐवजी टँटलम धातूच्या बारीक पिनांनी टाचणारी यंत्रं बाकीच्यांनीही केली. पण त्यांत नर्स चिमट्याने एकेक पीन भरत बसते, पाऊण पाऊण तास. माझ्या क-४ मध्ये भरलेली पेटी नुसती सरकवायची. खट्. चोवीस पिना एका दमात. क म्हणजे क्रूगलिकोव्ह, म्हणजे मी, असं मी कुणाला सांगत नाही. कुणी विचारलेलंही नाही.

९ जानेवारी
आठ दिवस डायरी राहिली. कामाचा ताण.
नाइदा टुणटुणीत. गेल्या १४ मार्चला आमच्या सर्जनबाईंनी, रिम्मा ओसिपोव्हनांनी, तिचं आतडं कापून क-४ ने टाचलं. कुत्री वर्षभर धडधाकट राहिली की मॉस्कोहून कमिशन येणार आणि यंत्र कारखान्यात बनायला लागणार. तिला हे काही माहीत नाही. रोज दुपारी तीनला माझ्या ड्रॉइंग बोर्डखाली येते आणि माझ्या डाव्या पायावर झोपते. मी सॉसेजचं साल देतो. पाय गरम राहतो. लेनिनग्राडमध्ये ही काही लहान गोष्ट नाही.

२० जानेवारी, रविवार, सकाळी १०
नाइदा गेली. पिंजऱ्यात पडलेली, थंडगार. पोल्या मावशी कुत्र्यांचं सगळं बघते, पण रविवारी तिची सुट्टी, म्हणून मीच खाणं घेऊन गेलो होतो.
कारण: म्हातारपण. उघडच आहे.
रडलो नाही. थोडंसं.

त्याच दिवशी, ११.३०
नियमाप्रमाणे पोट उघडून बघायला हवं. पण रिम्मा ओसिपोव्हना कोर्ससाठी मॉस्कोत, मार्चमध्ये येणार. शिवाय मेलेल्या जिवाची विटंबना मला आवडत नाही. टाके पक्के आहेत हे मला माहीत आहे. माहीत असलेली गोष्ट पुन्हा कशाला बघायची?
पुरणार कुठे, जमीन गोठून दगड झालीय. मागच्या शेडमध्ये लाकडी खोक्यात ठेवली. वर खडूने लिहिलं: क-४, सुटे भाग, उघडू नये. सात खिळे.

२२ जानेवारी
ट्रामच्या थांब्यावर एक कुत्री भेटली. काळी, छातीवर पांढरा डाग. हुबेहूब. (शेपूट चार बोटं जास्त.) एका सॉसेजवर मागे आली. याला मी फसवणूक म्हणत नाही. नाइदा मार्चपर्यंत जगलीच असती, मी फक्त तिची गैरहजेरी भरून काढली.
पोल्या मावशीला काही कळलं नाही. एवढंच म्हणाली, की नाइदाचा फाटका कान दोन दिवसांत शिवून आला, धन्य आहे बाबा तुमच्या यंत्राची.

२९ जानेवारी, दुपारी ३
कॉरिडॉरच्या लाकडी फरशीवर नखांचा आवाज. टक टक टक. माझ्या दाराशी येऊन थांबला. उघडून बघितलं, कुणी नाही. गरम पाण्याचे पाइप असणार.

३१ जानेवारी, ३.०५
पुन्हा. पाइप बघणाऱ्या माणसाला बोलावून घेतलं. तो म्हणाला, या बाजूला पाइपच नाहीत. कामचुकार.

६ फेब्रुवारी
नवी नाइदा माझ्या खोलीत यायला तयार नाही. दारात उभी राहून बोर्डखाली बघते, पाठीवरचे केस ताठ. पट्टा धरून ओढली तर कण्हायला लागली. मावशी म्हणाली, कशाला छळता हो तिला, तिथली जागा रिकामी नाही असं सांगतेय ती. अडाणी बाई.
सवयीने सॉसेजचं साल खाली टाकलं. संध्याकाळी तिथेच होतं. म्हणजे काही नाही, सगळं ठीक आहे. ते उचललं नाही. कंबर धरलीय.

१५ फेब्रुवारी
आठवडाभर उजवा पाय गार, डावा गरम. शेवटी दवाखान्यात गेलो. रक्ताभिसरण म्हणाले. व्हिटॅमिन लिहून दिलं. डॉक्टरांनी विचारलं, पायावर काही वजन आल्यासारखं वाटतं का? मी नाही म्हणालो.
साधारण चौदा किलो.

२७ फेब्रुवारी
रिपोर्ट पूर्ण. 'प्राणी निरोगी, भूक उत्तम, स्वभाव खेळकर.' शब्द न् शब्द खरा, कुणीही येऊन बघावं. आमचे डायरेक्टर सावेली निकितिच यांनी सही केली. म्हणाले, कागद फक्कड जमलाय क्रूगलिकोव्ह, कुत्री पण एवढीच फक्कड असू दे म्हणजे झालं. सिगारेटी आता दुप्पट.

४ मार्च
छपरांवरून पाणी ठिबकायला लागलं. सगळं शहर खूश. शेडचं छप्पर पत्र्याचं आहे, दुपारी तापतं. खोक्याभोवती बर्फ रचला, बारा बादल्या. मावशी शेडच्या दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, सुट्या भागांना ताप आलाय का?
नव्या कुत्रीच्या पोटावरचे केस कापले आणि आयोडीनने जखमेची खूण काढली. ड्रॉइंगला माझा हात पहिल्यापासून चांगला.

९ मार्च
रिम्मा ओसिपोव्हना परत आल्या. कुत्रीचं पोट चाचपलं. म्हणाल्या, जखम भरलीय मात्र सुंदर. मी म्हणालो, क-४. त्या म्हणाल्या, मी मधोमध कापलं होतं, ही खूण डावीकडे आहे. मी म्हणालो, वर्षभरात सरकते कधी कधी.
त्यांनी कुत्री खाली सोडली. मग म्हणाल्या, आर्सेनी पाव्लोविच, मला काही सांगायचंय का तुम्हाला? अजून पाच दिवस आहेत. मी म्हणालो, छे, काही नाही. बाई प्रवासाने थकलेल्या दिसतात.
खाली बसलो तेव्हा डाव्या पायावरचं ओझं हललं, कूस बदलल्यासारखं. मी पाय काढून घेतला नाही. का, ते माहीत नाही. मला तिची फार आठवण येते.

१३ मार्च
भाषण पाठ. सूट इस्त्री. संकल्प: उद्या कमी बोलायचं.

१४ मार्च, संध्याकाळी ६
कमिशनचे तिघे आले. अध्यक्षांना कुत्री फार आवडली, तिचे कान खाजवले. सगळं उत्तम चाललं होतं. मग ते म्हणाले, चला, एक एक्स-रे काढून टाकू, म्हणजे आपण जेवायला मोकळे.
फिल्म ओलीच उजेडाला धरली. बरगड्या. मणके. पीन एकही नाही.
कुणीच बोलेना, म्हणून मी बोललो. पिना शरीरात विरघळल्या असाव्यात, असं म्हणालो. अध्यक्ष म्हणाले, टँटलम? जे आम्लात विरघळत नाही ते कुत्रीत विरघळलं? मी म्हणालो, हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. रिम्मा ओसिपोव्हना खिडकीबाहेर बघत होत्या.
अध्यक्षांनी फाईल मिटली. शांतपणे म्हणाले, कुत्री मेली असती तरी आम्ही यंत्र तपासलं असतं हो. तुम्ही ती जिवंत करून आणलीत, आता तपासायचं काय? फाईलवरच्या क-४ वर लाल पेन्सिलीने आडवी रेघ. जेवायला कुणी थांबलं नाही.

१५ मार्च
मावशी रिम्मा ओसिपोव्हनांना सरळ शेडमध्ये घेऊन गेली. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं म्हणे. रोज घरी जाताना खोक्यावर हात ठेवून जायची. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही सांगाल, आज सांगाल, उद्या सांगाल, करत बसले. सातही खिळे तिनेच उपटले.
नाइदा अजून कडक गोठलेली. उबेत मऊ पडावी म्हणून खोलीत आणून ठेवली.

१६ मार्च, दुपारी २
उघडलं. वीस मिनिटं लागली. मी कोपऱ्यात उभा होतो, भिंतीकडे तोंड करून.
रिम्मा ओसिपोव्हना म्हणाल्या, इकडे या आणि बघा. गेलो. चोवीसच्या चोवीस पिना जागेवर, सगळ्या सारख्या वळलेल्या. आतडं इतकं एकजीव झालेलं, की जोड कुठे आहे ते त्यांना बोटाने शोधावं लागलं. त्या म्हणाल्या, बारा वर्षांत इतका चांगला जोड मी बघितला नाही. नाइदा हृदयाने गेली. म्हातारी होती.
लगेच मॉस्कोला फोन लावला. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, आणि आता ही मेलेली कुत्री कुणाची आणलीत?

१८ मार्च, दुपारी ३.३०
नव्या कुत्रीला पोल्या मावशी घरी घेऊन गेली, तिला झुल्का म्हणते. कॉरिडॉरमध्ये आवाज नाही. दोन्ही पाय गार.
रिम्मा ओसिपोव्हना फाईल परत द्यायला आल्या होत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, जानेवारीत एक तार केली असतीत तर त्याच दिवशी निघाले असते. का नाही केलीत? मी म्हणालो, मला वाटलं टाके सुटले असतील. त्या म्हणाल्या, म्हणजे एवढ्या सगळ्यांत एकट्या तुमचाच त्या यंत्रावर विश्वास नव्हता.
होता, असं इथे लिहिलं होतं. खोडलं.