तळाचा दगड

३ सप्टेंबर
बुटांच्या दुकानात दिवसभर लोकांच्या पायांची मापं घेतली. डोंगर दाखवणारा मी — आता बुटांचे नंबर दाखवतो. समोर दाजींची नवी पाटी : ‘डोंगर बाराही महिने. वसंतात फुलं, हिवाळ्यात बर्फ.’ वाक्य माझं, पाटी त्याची! हो, ‘त्याची’च. ताईचा नवरा म्हणून तोंडावर अहो-जाहो करतो. कागदावर कशाला?

५ सप्टेंबर
एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यात घोळणार नाही. गेल्या जानेवारीत धुक्यात आम्ही दोघांनी बर्फातली वाट आखली. खुणेसाठी दगडांच्या लगोऱ्या रचतात — अर्ध्या मी, अर्ध्या त्याने. वाट फुटते तिथली एक भलत्याच बाजूला रचली गेली. तिच्या खुणेवर विसंबून एक बाई कड्यावरून घसरली. कंबर मोडली. तिला शोधताना हिमदंशाने माझ्या पायाची तीन बोटं गेली.

वाटाड्यांच्या मंडळाने विचारलं, लगोरी कुणाची? मी म्हणालो, माझी नाही. तो म्हणाला, “आठवत नाही.” ज्याला डोंगर मी शिकवला, त्याला आठवत नाही! कामात जुना मी, म्हणून बिल्ला माझा गेला.

६ सप्टेंबर
पण एक गोष्ट आहे. लगोरीच्या तळाच्या दगडाखाली प्रत्येक वाटाड्या आपली खूण ठेवतो. मी पितळेचं बटण, तो बुटाचा खिळा. तेव्हा दगडावर पुरुषभर बर्फ होतं. वितळेपर्यंत मंडळाच्या लेखी प्रकरण मिटलं होतं आणि मला पाऊल टेकवत नव्हतं. आता टेकवतं.

१४ सप्टेंबर
पाण्याच्या टाकीपर्यंत चाललो. काठीशिवाय.

२१ सप्टेंबर
ताईकडे जेवलो. तो म्हणाला, “पायाला फार ताण देऊ नकोस. वर जायचं झालं तर सांग, मी येतो बरोबर.” चोराच्या मनात चांदणं! मी मान डोलावली. ताईने आग्रहाने वाढलं तेव्हा मात्र हात धुऊन उठलो. घर तिचं आहे. पण नाव माझंही होतं.

४ ऑक्टोबर
सापडला!! पहाटे निघालो, दर वळणावर बसलो, शिव्या घालत चढलो. वरची लगोरी ढासळलेली, तळाचा दगड जागच्या जागी. पहारीने उचलला. खाली खिळा. चकचकीत, गंजाचा ठिपकासुद्धा नाही. मेल्याला वस्तू मात्र उत्तम मिळतात.

मग तिथेच बसून भाकरी खाल्ली. समोर सगळी शिखरं उघडी, खाली तळं. नऊ महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिली. आता त्याला ती दिसू नयेत, एवढंच मागणं.

७ ऑक्टोबर
मंडळापुढे खिळा टेबलावर ठेवला. रात्रंदिवस घोकलेलं भाषण तयार होतं. त्याने खिळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, “हो. माझाच.” संपलं. निदान भांडायचं तरी! बिल्ला त्याने स्वतःच काढून ठेवला. माझा मला परत मिळाला.

८ ऑक्टोबर
समोरची पाटी उतरली. पेढे वाटावेत असं वाटलं. ताईने फोन उचलला नाही.

१२ ऑक्टोबर
ताई आली. दारातच थांबली. हातावर काड्यापेटी ठेवली. “आत आहे ते यांनी मे महिन्यात त्या तळाच्या दगडाखालून आणलं. तुला कधीच दाखवायचं नाही म्हणाले होते.” बस म्हणायच्या आत निघून गेली.

आत माझं पितळेचं बटण.

खिळ्याला गंज का नव्हता, हे मी दाजींना विचारायला हवं होतं.