मणक्यातली बुरशी

१९ जुलै २०२१
कोरोनातून हे वाचले, आता पाठ! महिनाभर गुलमंडीतलं कापडाचं दुकान बंद. “पीठ में कोई खिळा ठोक रहा है, वहिदा.”
आज एमआरआय झाला. दोन मणके किडलेत. डॉक्टर म्हणाले, “टीबी असावा. सुई घालून तुकडा तपासला तर खात्री होईल.” कण्यात सुई! मी नाहीच म्हणाले. आधी गोळ्या द्या. ह्यांना विचारलं नाही — पडद्यापलीकडे डोळे मिटून पडले होते.

३० सप्टेंबर
टीबीच्या गोळ्या चालू. गुण नाही.

४ नोव्हेंबर
दिवाळी. बाजारात पाय ठेवायला जागा नाही, म्हणे. हे पलंगावरून उठले ते खालीच बसले. “पाँव किधर है मेरे?” मांडीला चिमटा घेतला, जोरात. कळलाच नाही!

६ नोव्हेंबर
पाच तास ऑपरेशन. मज्जारज्जू दाबला गेला होता.

१५ नोव्हेंबर
ऑपरेशनात काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. टीबी नव्हताच. बुरशी! भाकरीला येते ती मला माहीत. माणसाच्या कण्यात? कोरोनात दिलेल्या स्टेरॉइडनं अंगातली ताकद गेली, श्वासातून शिरली असेल. लाखात एखाद्याला होतं, म्हणाले. “थोडं आधी कळलं असतं तर —” डॉक्टर तिथंच थांबले. माझ्याकडं बघितलं नाही.
शाळेत पोरांना शुद्धलेखन शिकवते. एक चूक, एक लाल रेघ. ह्या चुकीला काय करू?

२ डिसेंबर
बुरशीच्या नव्या गोळ्यांनी ह्यांना रंग नीट दिसेनात. “ये चादर हरी है क्या नीली?” तीस वर्षं रंग बघून कापडाचा तागा काढून देणारा माणूस.

२० डिसेंबर
सांगून टाकलं. सुईला मीच नको म्हणाले होते.
ह्यांनी माझा हात धरला. मग म्हणाले, “हौ. सुना था मैं. मेरेकू बी डर था. तू ना बोली तो अच्छा लगा.”
चहा तसाच निवला. हात सोडवेना.

९ मे २०२२
बुरशीचा मागमूस नाही! गोळ्या बंद. डॉक्टरांना दाराबाहेर विचारलं, आता चालतील ना? “बाई, बुरशी गेली. पायांची आशा आता धरू नका.”
मी आत गेले. ह्यांनी अर्धंच ऐकलं होतं. स्वच्छ कुर्ता घालून बसले होते.
“वहिदा, मेरी चपलां निकाल.”