मुळ्यांच्या खड्ड्यातला पाहुणा

शिमोनोसेकी

चि. सेन हिला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

थोरली बहीण म्हणजे मी, तोमे. वर्षभर तुझी एक ओळ नाही, तेव्हा आधी ओळख करून दिलेली बरी. तुझे गुडघे कसे आहेत? माझे तुझ्यापेक्षा बरे असणार. (अक्षर वळणदार आहे ते नातीचं, मित्सुएचं. मला लिहिता येत नाही हेही विसरली असशील.)

आता कोसाकुचं ऐक. फेरीबोटीच्या कचेरीत कारकून, स्वभावाने मऊ. तीन हिवाळे झाले, दर सुट्टीला मित्सुएसाठी येतो, पोटभर जेवतो, आणि लग्नाचा विषय निघाला की समुद्राकडे बघत 'बघू या' म्हणतो. (समुद्र कुठे जात नाही, हे मी त्याला सांगून बघितलंय.) इकडे पलीकडच्या मोजी गावातल्या एका विधुराचं स्थळ आलंय, मध्यस्थबाईंना नव्या वर्षाआधी उत्तर हवंय, आणि आमची पोरगी कोसाकुवर अडून बसलेली. शेवटी माझा लेक तोरावो म्हणाला, त्याला फुगू, तो विषारी मासा, खायला घालू, जीव मुठीत धरून जेवलेला माणूस मग गोलगोल बोलत नाही.

तोरावोचा फुगू कापायचा परवाना भिंतीवर टांगलेला आहे. काळीज, अंडी, जे जे विषारी ते काढून त्याने कुलपाच्या डब्यात टाकलं, आणि तुकडे इतके पातळ कापले की ताटावर रंगवलेला बगळा आरपार दिसत होता. तोरावोचा घास घशाखाली उतरेपर्यंत कोसाकु बघत बसला, मग त्याने एक तुकडा उचलला, आणि मग काही थांबेना. या माशाचं हे असंच आहे बघ. चवीला टोफूच्या फार पुढे नाही, पण आपण मरू शकतो या विचाराने जी भूक लागते ती दुसऱ्या कशाने लागत नाही. मग रस्सा आला. दोन वाडगे झाले आणि कोसाकु तोंडावर हात ठेवून हळूच म्हणाला, "ओठ बधिर झालेत."

विष चढतं ते ओठांपासूनच. तोरावो भुवयांसकट पांढरा पडला. शेजाऱ्याला डॉक्टरकडे पिटाळलं, आणि तोवर जुना उपाय: माणसाला गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, म्हणजे माती विष ओढून घेते. परसात हिवाळाभर टिकावे म्हणून मुळे पुरून ठेवले होते. ते उपसून खड्डा खोल केला, कोसाकुला उभा केला आणि माती लोटली. बाहेर फक्त डोकं, कडेला मुळ्यांचा ढीग. मित्सुए शेजारी बसून त्याचं नाक पुसत होती.

"मित्सुए, त्या विधुराला हो म्हणू नकोस."

"मग कोणाला म्हणू?"

"मला. जगलो तर वसंतात लग्न. आईला मी सांगतो."

"आणि नाही जगलात तर?"

त्याने मुळ्यांच्या ढिगाकडे बघितलं. "तर मग तू म्हणशील तसं."

कुंपणापलीकडे सगळी आळी उभी होती, त्यामुळे साक्षीदारांची ददात नाही. डॉक्टर आले, त्याला जीभ काढायला लावली, आत जाऊन वाडगा हुंगला आणि म्हणाले, "बाहेर काढा त्यांना, सर्दी होईल." आदल्या दिवशी वाम केली होती, तिच्यासाठी तू धाडलेली तिरफळाची पूड चौरंगावरच राहिली होती. कोसाकुने ती मिरी समजून चमच्याने रश्श्यात घातली, आणि ओठ बधिर झाले ते तिरफळाने. फुगूबरोबर तिरफळ आमच्याकडे कोणी खात नाही, म्हणून कोणाला सुचलं नाही. सर्दी झालीच. पण शब्द दिला तो दिला, मध्यस्थबाईंना नकार कळवला.

ता. क. तो पूड घालत होता तेव्हा मी बघत होते. सांगणारच होते, पण तोवर खड्डा भरला होता आणि पोरगा बोलायला लागला होता. मध्ये तोंड घालणं बरं दिसत नाही.

आणखी ता. क. हे वरचं लिहिताना मित्सुएचा हात जरासुद्धा थबकला नाही, म्हणून विचारलं. तीही बघत होती म्हणते.

शेवटचं, आणि पत्र खरं याच्यासाठी. मुलगा कुठे पुरला होता ते बघायला कोसाकुची आई येत्या सुट्टीला येतेय. तोरावो हट्टाने फुगूच करणार, आणि ती बाई त्याला हात लावणार नाही. तेव्हा ज्याने आजवर कोणी दगावलं नाही असं काहीतरी घरात हवं. तुझ्या अंगणातली वाळवलेली पर्सिमन फळं पाठव, भरपूर, आणि पार्सल बांधण्याआधी त्यातलं एक स्वतः खाऊन बघ.