निमगाव सावा येथील गाय निर्दोष असल्याबाबत

प्रति,
मा. तपास अधिकारी,
रस्ता अपघात कक्ष,
जुन्नर.

विषय : निमगाव सावा शिवारातील अपघातात गाईवर ठेवलेला ठपका काढून टाकणे व माझ्या मुलाचा वाहन परवाना निलंबित करणेबाबत.

संदर्भ : आपल्याकडील सदर अपघाताचा पंचनामा. (त्यात चालकाचा जबाब आहे. गाईचा नाही आणि माझाही नाही.)

महोदय,

मी, सुमतीबाई धरमचंद कर्नावट, राहणार बेल्हे. बाजारपेठेत आमचे कापडाचे दुकान आहे. सदर अपघातातील गाडी आमची, ती चालवणारा अरिहंत हा माझा मुलगा, आणि त्याच्या शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसले होते ती मी. पंचनाम्यात माझा उल्लेख 'सोबत एक वयस्कर महिला' असा झाला आहे. वयाबद्दल माझी तक्रार नाही. त्या वयस्कर महिलेने सर्व काही डोळ्यांनी पाहिले आणि तिला कोणीच काही विचारले नाही, याबद्दल आहे. सबब खालील हकीकत आपल्या सेवेशी सादर करते.

१. माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन मंचर येथे झाले होते. त्या दिवशी शेवटची तपासणी होती. डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला, तो मी अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत वाचला. डॉक्टर म्हणाले, "आजी, आता सुईत दोरा ओवा." दुपारी आम्ही निमगाव सावा मार्गे बेल्ह्याला निघालो. कित्येक वर्षांनी मला कांद्याची पात वेगवेगळी दिसत होती, विजेच्या तारेवरचा पक्षी दिसत होता. त्यामुळे मी रस्त्याकडे हावऱ्यासारखी बघत होते. गाडीत रस्त्याकडे बघणारी मी एकटीच होते, हे नम्रपणे निदर्शनास आणून देते.

२. माझा मुलगा गाडी उत्तम चालवतो असे सर्वजण म्हणतात. ते खरेच असले पाहिजे, कारण रस्त्याकडे न बघता इतकी वर्षे गाडी चालवणे साध्या माणसाचे काम नाही. मंचर सोडल्यावर त्याने एका गिऱ्हाइकाला साडीच्या काठाचा फोटो पाठवला, सुरतेच्या व्यापाऱ्याला उत्तर दिले, आणि क्रिकेटचा स्कोअर पाहून स्टिअरिंगवर हात आपटला. मी म्हणाले, "अरिहंत, समोर बघ."

तो म्हणाला, "मम्मी, मला दोन्हीकडचं दिसतं."

एकाच वेळी दोन्हीकडे बघणारी दृष्टी मंचरच्या डॉक्टरांनाही देता येत नाही.

३. अपघाताचे तात्कालिक कारण पंचनाम्यात आलेले नाही, ते असे. आमच्या शेजारच्या दुकानातील श्री. आदेश यांचा त्या दिवशी वाढदिवस होता. अरिहंतने सकाळीच त्यांना मिठी मारून शुभेच्छा दिल्या होत्या, केकही खाल्ला होता. परंतु व्यापारी मित्रांच्या ग्रुपवर शुभेच्छा द्यायच्या राहिल्या होत्या, आणि ग्रुपवर दिल्याशिवाय त्या पोहोचत नाहीत असा हल्लीचा नियम आहे. केकचे चित्र टाकावे की फेटा बांधलेल्या वाघाचे, यावर त्याचा विचार चालू होता. गाडी भरधाव होती.

४. डाव्या बाजूला, डांबरी सोडून, साईडपट्टीच्याही पलीकडे बाभळीखाली साळुबाई भागू गाडगे उभ्या होत्या. त्या निमगाव सावा येथील शेतकरी कुटुंबातील आहेत. त्यांच्या हातात गाईचा दोर होता. दोराचा हाताला वेढा होता आणि गाय त्यांच्या मागे खाली मान घालून गवत खात होती. रस्ता ओलांडायला त्या आमची गाडी जाण्याची वाट पाहत होत्या, म्हणजे नियमाने वागणारी त्या ठिकाणी त्या एकट्याच होत्या. आमची गाडी हळूहळू डावीकडे सरकली. मी ओरडले, "अरे बाई आहे!" त्याने वर पाहिले, तोवर गाडी साईडपट्टी सोडून खाली उतरली होती. साळुबाईंची नडगी मोडल्याचा आवाज मी काच बंद असताना ऐकला. गाईला खरचटलेदेखील नाही. दोर सुटला तो त्या पडल्यावर.

गाय आडवी आली नव्हती, साहेब. गाय होती तिथेच होती. आम्ही तिला आडवे गेलो.

५. माझा मुलगा निर्दयी नाही, हेही नमूद करते. त्याने साळुबाईंना स्वतः उचलून मागच्या सीटवर निजवले आणि गाडी नारायणगावला दवाखान्याकडे घेतली. मी मागे त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसले. त्या "आये, आये" करत होत्या. आणि पुढे माझा मुलगा एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने ग्रुपवर लिहीत होता. काय लिहिले ते मी नंतर वाचले : "छोटासा अपघात. गाय आडवी आली. देवाच्या कृपेने सर्व ठीक." लोकांनी हात जोडलेली चित्रे पाठवली. आदेश यांनी लिहिले, "काळजी घे भाऊ." अशा रीतीने साळुबाई दवाखान्यात पोहोचण्यापूर्वीच गाईचा गुन्हा सिद्ध झालेला होता. पुढे पंचनाम्यात तेच वाक्य उतरले, फक्त 'देवाच्या कृपेने' तेवढे वगळण्यात आले.

६. दवाखान्यातून आम्हाला पंचनाम्यासाठी जागेवर परत बोलावले, तेव्हा मी हवालदार साहेबांना सांगायला गेले होते. ते अत्यंत आदराने म्हणाले, "मावशी, तुमच्या डोळ्याचं आत्ताच ऑपरेशन झालंय ना? मग तुम्हाला काय दिसणार? सावलीत बसा." ज्याचे दोन्ही डोळे शाबूत होते त्याने काहीच पाहिले नाही, त्याचा जबाब घेतला. जिचा डोळा नुकताच दुरुस्त होऊन आला, तिला सावलीत बसवले. सोबत डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. अरिहंतच्या नजरेचाही एखादा दाखला मागवावा, ती त्या वेळी कोठे होती याचा.

७. त्यानंतर गाईची जी बदनामी झाली ती वेगळीच. ती बेल्ह्याच्या बाजारातून नुकतीच आणलेली. लगेच लोकांना आठवले की तिची नजर पहिल्यापासून वाईट होती, शिंग वाकडे होते, आणि तिचा आधीचा मालकही मोटारसायकलवरून पडला होता. (तो फोनवर बोलत पडला होता, पण ते कोणाला आठवले नाही.) साळुबाईंचा मुलगा गोरख तिला विकायला बाजारात घेऊन आला, तर व्यापारी लांबूनच म्हणाले, "ही अपघातवाली का? नको राव." गाय बिचारी दूध देते आहे आणि रवंथ करते आहे. तिच्याकडे फोन नसल्याने तिची बाजू कोणत्याही ग्रुपवर आलेली नाही.

८. आमच्या घरीही उपाययोजना झाली. अपघातानंतर अरिहंतने गाडीत फोन ठेवायचा स्टँड बसवला. "आता खाली बघावं लागत नाही, सेफ आहे," असे तो म्हणाला. स्टँडसाठी जागा हवी म्हणून तेथील महावीर भगवानांची छोटी मूर्ती उचलून खालच्या कप्प्यात, गाडीच्या कागदपत्रांवर ठेवण्यात आली. माझी नात रीना ही रोज त्याच गाडीने शाळेत जाते. परवा तिने मला कौतुकाने सांगितले, "दादी, पप्पा आता फोनकडे न वाकता बघतात." सून डिंपल पोळ्या लाटत होती. तिचे लाटणे थांबले. दुसऱ्या दिवसापासून ती रीनाला पायी सोडायला जाते.

९. माझे यजमान धरमचंद यांनी मिटवून घेण्याचे ठरवले. दवाखान्याचे सगळे आम्ही पाहू, गोरखने फक्त गाय मोकळी सुटली होती असे लिहून द्यावे, असा निरोप गेला. यजमानांचे म्हणणे, "आपण काय पळून जातोय का? सगळं करतोय ना त्यांचं?" हे खरे आहे. आम्ही सगळे करतो आहोत, खरे बोलणे तेवढे सोडून.

१०. यानंतर मी एकटीच साळुबाईंना भेटायला निमगाव सावा येथे गेले. पायात सळई घातलेली, ओट्यावर खाटेवर त्या पडून होत्या. मला वाटले होते त्या शिव्या देतील. मी त्या ऐकून घेण्याच्या तयारीने गेले होते. त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला आणि माझा हात धरून हळूच विचारले, "शेठानीबाई, तुमी व्हता ना गाडीत? खरं सांगा. माझ्या हातून दोर सुटला व्हता का वं? सगळी म्हंत्यात सुटला. गोरख बी म्हनतो, आये, तुझं ध्यान नव्हतं. मला तर वाटतंय मी धरला व्हता. पर आता रोज इचार करून करून मलाच कळंना झालंय."

साहेब, पाय मोडला तो सांधेल. पण या बाईने आयुष्यभर गुरे राखली, आणि आमच्या एका ओळीच्या मेसेजने तिचा स्वतःच्या हातावरचा भरवसा काढून घेतला. मी गोरखला आत बोलावले. शेजारपाजारचे दोघेतिघे उभे होते, त्यांच्यादेखत सांगितले, "गाय सुटली नव्हती. दोर हाताला गुंडाळलेला होता. माझा मुलगा फोनमध्ये बघत होता. मी पाहिलंय."

गोरख खाली बघत राहिला. साळुबाई त्याला म्हणाल्या, "ऐकलंस का? लई शानपन शिकवत व्हतास आईला." आणि तोंडाला पदर लावून रडू लागल्या. गोरखने काही लिहून दिलेले नाही, आणि माझी विनंती आहे की त्याने ते देऊही नये.

११. घरी आल्यावर जे व्हायचे ते झाले. यजमान म्हणाले, "आपल्याच पोराच्या विरोधात? बाजारात तोंड कसं दाखवायचं?" मी म्हणाले की मी पोराच्या विरोधात नाही. पुढच्या वेळी बाभळीऐवजी विहीर असेल आणि मागच्या सीटवर रीना असेल, त्याच्या विरोधात आहे. ते दुकानात जाऊन बसले. अद्याप माझ्याशी कामापुरतेच बोलतात.

१२. जाता जाता एक सूचना करते. रस्त्यावर 'पुढे वळण आहे', 'पुढे शाळा आहे' अशा पाट्या लावून सरकार उगाच कष्ट घेते. त्या वाचायला वर बघावे लागते. त्याऐवजी तालुक्यातील सर्व म्हाताऱ्या बायका, शाळेतील मुले, गाई, शेळ्या, वळणे आणि पूल यांना चालकांच्या ग्रुपमध्ये सामील करून घ्यावे, म्हणजे ती चालकांना दिसतील. साळुबाईंचा त्या दिवशी वाढदिवस असता, तर माझ्या मुलाला त्या नक्की दिसल्या असत्या.

तरी माझी नम्र विनंती अशी की :

(अ) माझा जबाब नोंदवून घ्यावा व पंचनाम्यातील 'गाय अचानक आडवी आल्याने' हे शब्द काढून टाकावेत. शक्य असल्यास तसे पत्र गोरख गाडगे यांना द्यावे, बाजारात दाखवण्यासाठी.

(आ) चालक अरिहंत धरमचंद कर्नावट याचा परवाना निलंबित करण्याची शिफारस संबंधित कार्यालयाकडे करावी. तो चिडेल, जेवणार नाही. ते मी पाहून घेईन.

(इ) खटला झाल्यास साक्षीला मला बोलवावे. मी एसटीने येईन.

आपली, मुलाची आई असूनही साक्षीदार असलेली,

सुमतीबाई धरमचंद कर्नावट
बेल्हे, ता. जुन्नर, जि. पुणे
दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत : डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला, ग्रुपवरील त्या दिवशीच्या मेसेजची छापील प्रत (सून डिंपल हिने काढून दिली).

ता. क. : वरील अर्ज पूर्ण झाल्यावर मी तो अरिहंतला वाचायला दिला, कारण त्याच्या पाठीमागे काही करायचे नव्हते. तो गल्ल्याजवळ उभ्यानेच वाचत होता, मग खाली बसला. मला वाटले फाडतो. पण तो कागद गल्ल्यावर ठेवून म्हणाला, "मम्मी, यात ब्रेकचं लिहिलं नाहीस."

मी म्हणाले, "मला काय माहीत ब्रेकचं?"

तो म्हणाला, "मी ब्रेक दाबलाच नाही. सगळ्यांना सांगितलं, दाबला पण लागला नाही म्हणून. दाबला तो त्यांना उडवल्यावर. तेही लिही."

त्याच्या सांगण्यावरून लिहिले आहे. खाली त्याची सही घेतली आहे. सही करताना त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने उचलला नाही, पण पेन सोडून हात खिशापर्यंत गेला होता.

सबब मागणी (आ) कायम ठेवावी, ही विनंती.