गोळी कमी करणार नाही

मंगळवार, दुपारी

ठमे,

आशीर्वाद वगैरे आहेतच. पण मला न विचारता डॉक्टरीणबाईंना फोन करायला तुला सांगितलं कोणी? तुझ्या आईला तोंड आहे. तुझ्याशी फोनवर बोलायला गेलं की तू मधेच तोडतेस, म्हणून लिहितेय.

थायरॉइडची गोळी मी इतकी वर्षं चहाबरोबर घ्यायचे. ती अंगी लागायची नाही आणि बाई दर खेपेला वाढवून द्यायच्या. तूच ओरडलीस, उपाशीपोटी पाण्याबरोबर घे म्हणून. ऐकलं. आता ती वाढवलेली गोळी पुरती लागू पडतेय, तर तुम्ही दोघी म्हणता जास्त झाली, कमी करा. म्हणजे ऐकलं तरी माझंच चुकलं.

मी कमी करणार नाही. पहाटे उठते, डबे घासते, तुझ्या बाबांना दोन शब्द सुनावते आणि कामावर जाते. बाबा म्हणतात, "पूर्वी बरी होतीस, गप्प असायचीस." म्हटलं, गप्प नव्हते, गळून गेले होते.

शिलाईच्या कारखान्यात मास्तरांनी विचारलं, "बाई, हात का थरथरतोय?" म्हटलं, तुम्हाला बघून. सगळ्याजणी हसल्या.

छाती जरा धडधडते. झोप नाही. बोटाला पट्टी आहे, ती भाजी चिरताना लागलं म्हणून नाही. घरी मीच तसं सांगितलंय. कॉलर शिवताना हात हलला आणि मशीनची सुई बोटात गेली. आजवर कधी गेली नव्हती.

कळतंय मला, मूर्ख नाही. पण तू बाळंतपणाला आलीस तेव्हा मी पडून होते. पलीकडच्या खोलीत बाळ रडायचं, मला ऐकू यायचं, पण अंगातून उठवत नसे. लोक आळशी म्हणाले. तुलाही तसंच वाटलं का, ते विचारत नाही. तू त्यावर कधी बोलली नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

ती पडून राहिलेली बाई मला परत व्हायचं नाही.

शनिवारी रक्त तपासायला जायचंय. तू बरोबर ये. किती कमी करायची आणि अंग पुन्हा जड झालं तर काय, ते बाईंना माझ्यासमोर विचार. मग करते कमी. पण मी परत पडून राहिले तर हाताला धरून दवाखान्यात न्यायचं, ते तू. हे कबूल असेल तरच ये.

येणार की नाही, ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळव. "बघते" चालणार नाही.

तुझी, सध्या जागी असलेली,
आई