नात्याबाहेरची दोन नावं

गाझियाबाद,
शनिवार, २१ फेब्रुवारी १९९८

प्रिय स्वरूपा,

सोबत तुझ्या रेझ्युमेच्या पाच प्रती आहेत. पाकीट मुद्दाम मोठं घेतलंय, कारण घडी पडली की कागद अर्ज राहत नाही, वाण्याची पुडी होतो. तूही कोणाला पाठवशील तेव्हा घडी घालू नकोस आणि पिनाही टोचू नकोस. तुझी हाताने लिहिलेली चार पानं मी एका पानात बसवली आहेत. रुसू नकोस. भाटियाजी म्हणतात, पहिला पन्ना साहब पढ़ता है, दूसरे पे चाय रखता है. सगळ्यात वर नाव, पत्ता, फोन. मग अलीकडचं शिक्षण आधी, शाळा तळाशी. तू नर्सरीपासून सुरुवात केली होतीस, जसं काही कोणी तुझं चरित्र छापणार आहे. एकच टाइप, दोनच आकार, चारी बाजूंना चांगली जागा मोकळी. 'सहभाग होता', 'जबाबदारी होती' असं जिथे जिथे होतं तिथे तू नक्की काय केलंस ते लिहिलं. कॉलेजच्या लायब्ररीची सगळी कार्डं तू कॉम्प्युटरवर चढवलीस, तर चढवली म्हणायचं, त्यात लाजायचं काय? शेवटी 'वरील सर्व माहिती खरी आहे' आणि त्याखाली सहीची जागा. सही निळ्या शाईने कर, म्हणजे झेरॉक्स वाटत नाही. आणि हो, छंदांमध्ये तू 'ट्रेकिंग' लिहिलं होतंस, ते काढलं. जागा नव्हती.

जागा होती. खोटं कशाला बोलू, चांगली दोन ओळींची होती. पण तुमच्या क्वार्टरचा जिना चढताना मधल्या वळणावर थांबून पिशवी माझ्या हातात देणारी मुलगी पुण्याला मावशीकडे राहून दोन महिन्यांत डोंगर चढायला लागली, हे माझ्याच्याने टाइप होईना. कोणाबरोबर गेलीस ते मी विचारत नाही. कुठल्या किल्ल्यावर, तेही विचारत नाही. फक्त एवढंच, की हाच शब्द मी आणखी एका माणसाच्या कागदावर टाइप केलेला आहे, आणि नव्या वर्षाच्या सुट्टीत तो माणूस पुण्यातच होता. हे मला तुझ्या आईनेच सांगितलं. काकू मटार सोलत होत्या, मीही सोलत होतो. अगदी सहज सांगितलं. त्यानंतर मी सोललेले निम्मे दाणे सालांच्या ढिगात गेले, असं त्यांचं म्हणणं आहे.

हे एका पानाचं शास्त्र मला कोणी शिकवलं ते तरी आठवतंय का? कस्तुरबा गांधी मार्गावरच्या लायब्ररीचं कार्ड तुझं होतं. मी नुकताच कॉलेज सोडून भाटियाजींच्या टायपिंगच्या दुकानात बसायला लागलो होतो आणि येईल त्याचा बायोडेटा फुलांच्या किनारीत बसवून देत होतो. तू म्हणालीस, हे काय लग्नाची पत्रिका केल्यासारखं करतोस, चल माझ्याबरोबर. मग ते नमुन्यांचं जाड पुस्तक काढून आपण लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसलो. त्या परदेशी कागदांवर कोणाच्याही वडिलांचं नाव नव्हतं, जात नव्हती, उंची नव्हती. तू म्हणालीस, अरे, ही माणसं कोणाचीच नाहीत का? आणि इतकी हसलीस की चौकीदाराने आपल्याला उठवलं. त्या दिवशी मी ठरवलं होतं की एक दिवस माझाही असा कागद करायचा, ज्यावर मी कोणाचा मुलगा, किती शिकलो, हे कोणी विचारणार नाही. अजून बरंच काही ठरवलं होतं, ते राहू दे.

बाबा रिटायर झाले, तुमच्या कॉलनीतलं सरकारी क्वार्टर सोडावं लागलं, आम्ही इकडे गाझियाबादला आलो, त्याला आता दोन वर्षं झाली. तरी मी दोन बस बदलून रोज लक्ष्मीबाई नगरच्या मार्केटातच येतो. गाझियाबादेत काय कॉम्प्युटरची दुकानं नाहीत? आई विचारते. मी सांगतो, भाटियाजी पगार बरा देतात. भाटियाजींना कळलं तर ते हसून खुर्चीवरून पडतील.

माझा स्वतःचा कागद मी गेल्या उन्हाळ्यात केला. बी.एस्सी. दुसरं वर्ष, त्यापुढे काही नाही. प्रॅक्टिकलला सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, जर्नल कोणाचं उतरवलंस, आणि मी ते जर्नल टेबलावर आपटून बाहेर पडलो. उतरवलेलं नव्हतं, हे तुला ठाऊक आहे, आकृत्यांना शेडिंग तूच केलं होतंस. मला वाटलं कोणी बोलवायला येईल. गेटपाशी दोन चहा होईपर्यंत उभा होतो. असो. तर कागदावर शेवटी दोन नावं लागतात, आपल्याबद्दल चांगलं सांगणारी, प्रतिष्ठित, आणि नात्यात नसलेली. मी तुझ्या बाबांकडे गेलो. अवर सचिव, भारत सरकार. लहानपणापासून मी त्यांची स्कूटर किक मारून चालू करून देतोय, डेअरीवरून दूध आणतोय. काका चहा पुढे करून शांतपणे म्हणाले, कॉलेज पुरं कर प्रतीक, मग नाव काय, तू म्हणशील तिथे सही देईन. मी चहा तसाच ठेवून निघून आलो. काकू जिन्यापर्यंत मागे आल्या, अरे तू घरचाच ना, म्हणाल्या. घरचा! घरच्या पोराला नाव द्यायला काय जातं?

आणि दिवाळीत पुष्कर चांदोरकर आला. पुण्याहून नोएडाच्या कंपनीत आलेला, काकांच्या मित्राचा मुलगा, रविवारी जेवायला तुमच्याकडे. पट्ट्याला पेजर लावलेला, जेवताना तो वाजला की काकू वाढायच्या थांबतात, जसं काही घरात डॉक्टर आलाय. दुकानात येऊन म्हणाला, स्वरूपाने पाठवलं, म्हणाली आमचा प्रतीक फार छान करतो. 'आमचा' ऐकून मी आधी सुखावलो, मग लक्षात आलं की ते त्याच्या तोंडून ऐकतोय. त्याचा रेझ्युमे साडेचार पानांचा होता. वक्तृत्व, पाठांतर, तबल्याच्या परीक्षा, स्काऊट, शाळेचं पदक, कॉलेजचं पदक, उंची पाच फूट अकरा. वाचता वाचता माझं डोकं असं भणभणलं की मी पेन घेऊन सपासप काटत सुटलो. तबला गेला, वक्तृत्व गेलं, पदकं एका ओळीत कोंबली. उंची तर मी दोनदा काटली. तो बिचारा बघत होता, ट्रेकिंग तेवढं राहू दे यार, म्हणाला. ते राहिलं. आणि राहिलं तळाशी नाव, माझ्या हाताने टाइप केलेलं: श्री. सूर्यकांत टिपणीस, अवर सचिव. कीबोर्डवर इतक्या जोरात बोटं आपटत होतो की भाटियाजी म्हणाले, ओए, ये टाइपराइटर नहीं है.

पुढचं तुला माहीत आहे. गुडगावच्या त्या नव्या काचेच्या इमारतीतल्या अमेरिकन कंपनीने त्याला बोलावलं. मुलाखतीतल्या बाई म्हणाल्या, आज शेवटपर्यंत वाचलेला हा पहिलाच रेझ्युमे. माझ्या जळफळाटाचं कौतुक एवढ्या मोठ्या माणसांनी करावं! तो माझ्यासाठी काजूकतली घेऊन आला, तू जादूगार आहेस म्हणाला. वाईट माणूस असता तर किती बरं झालं असतं.

आता या आठवड्याचं सांगतो. सोमवारी पुष्कर पुन्हा आला. शेवटच्या फेरीला ताजी प्रत हवी होती. बाकी सगळं तसंच ठेव, म्हणाला, फक्त टिपणीसकाकांचं नाव काढ आणि माझ्या आधीच्या साहेबांचं घाल. काढ! स्वरूपा, मला उडी मारावीशी वाटली. नक्कीच काहीतरी बिनसलं. काकांनी हाकललं असणार. सिगरेट ओढताना पकडलं असेल, किंवा पेजरवरून ऐकवलं असेल, किंवा तू पुण्याहून काही लिहिलं असशील. ते नाव मी एकेक अक्षर करत, हळूहळू, चवीने पुसलं. त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. तो शीळ घालत गेला आणि मला वाटलं, बिचारा दुःख लपवतोय. मग समोरच्या हलवायाकडून जलेबी आणली, भाटियाजींना दिली, शेजारच्या शिंप्यालाही दिली. कसली खुशी, पुत्तर, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बस, ऐसे ही.

गुरुवारी संध्याकाळी काका स्वतः आले, हातात दुधाची पिशवी. मी कॉलेज सोडल्यापासून ते कधी दुकानात चढले नव्हते. भाटियाजींकडून त्यांना कळलं होतं की नोएडाच्या एका नव्या छपाई कंपनीत पानं लावायच्या कामासाठी मी अर्ज करतोय. कंपनीला डिग्री नको आहे, कामाचे नमुने हवेत, आणि ती दोन नावं, त्यातलं एक गॅझेटेड अधिकाऱ्याचं. काका स्टुलावर बसले आणि म्हणाले, "दुसरं नाव माझं घाल." मला वाटलं चुकून ऐकलं. मी म्हटलं, तुम्ही तर कॉलेज पुरं कर म्हणाला होतात. ते म्हणाले, "म्हणालो होतो. पण काम पाहिलं ना तुझं. पुष्करला बोलावणं आलं ते त्या कागदामुळेच." मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "त्याच्या कागदावर आता माझं नाव चालायचं नाही. चांदोरकरांचं पत्र आलंय पुण्याहून. अजून ठरलं काही नाही, स्वरूपा होळीला आली की तिला विचारू. पण उद्या कोणी म्हणायला नको, सासऱ्याने शिफारस केली."

तुझे बाबा असे आहेत. मुलीला विचारण्याआधी त्यांनी नियमाला विचारलं. आणि मी त्या बातमीची जलेबी आख्ख्या मार्केटात वाटून बसलो होतो. जाताना काका क्षणभर थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "तुझ्या कागदावर मात्र काही अडचण नाही." त्यांना काही कळलंय की नाही, मला सांगता येणार नाही. इतक्या मायेने माझ्याशी ते पूर्वी कधी बोलले नव्हते, आणि मला दुधाची ती पिशवी रस्त्यावर फेकून द्यावीशी वाटत होती.

तुला हे सगळं आधीच ठाऊक असेल, किंवा मी सांगतोय तेव्हाच कळत असेल. ठाऊक असेल तर हे पत्र फाड. पण तुझ्या कागदावर जन्मतारखेखाली तू 'अविवाहित' लिहिलं होतंस. ती ओळ हल्ली कोणी घालत नाही, पुष्करची मी पहिल्याच झटक्यात उडवली होती. तुझी ठेवली आहे. नियमाविरुद्ध आहे, पण ठेवली आहे. आणि पाकिटाच्या तळाशी आणखी पाच प्रती आहेत, 'ट्रेकिंग' असलेल्या. कुठल्या वापरायच्या ते तू बघ.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. माझा अर्ज तयार आहे, पुढच्या शनिवारी द्यायचाय. पहिल्या नावाच्या जागी भाटियाजी आहेत. दुसरी जागा मोकळी आहे. तिथे काकांचं नाव घातलं तर नोकरी बहुतेक मिळेलच. पण मग मी माझ्या हाताने लिहून दिलेलं असेल की टिपणीस माझ्या नात्यात नाहीत, आणि खाली 'वरील सर्व माहिती खरी आहे' म्हणून सही ठोकलेली असेल. दोन दिवस कर्सर तिथेच लुकलुकतोय. कॉलेजातून उठलो तेव्हा काही न विचारता उठलो, काकांचा चहा सोडला तेव्हाही. या वेळी उठत नाही, विचारतो. शुक्रवारपर्यंत दुकानावर फोन कर. एसटीडीवर लांबलचक बोलू नकोस, उगाच मीटर पळेल आणि मी काहीतरी वेड्यासारखं बोलेन. 'घाल' म्हण, किंवा 'घालू नकोस' म्हण. भाटियाजींनी उचलला तर त्यांनाच सांग, ते निरोप देतील, अर्थ विचारणार नाहीत. 'घाल' म्हणालीस तर घालीन, आणि काजूकतली मी आणीन, शपथ. 'घालू नकोस' म्हणालीस तर दुसरं नाव शोधीन. लक्ष्मीबाई नगरात अवर सचिव काही कमी नाहीत.

तुझाच (एवढं मात्र कोणाला न विचारता लिहिलंय),
प्रतीक