झिपऱ्याच्या दोन्ही बाजू

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (नुसता लिहिलेला नाही. दोन दिवस मी टेबलाखालचे केस गोळा करतोय, त्यामुळे बराच वेळ साष्टांगातच जातो.) तुझे गुडघे, दाजींचं पित्त आणि तुमचा प्रवास ठीक असेल. आम्ही मजेत आहोत. आम्ही म्हणजे मी आणि तुझा कुत्रा झिपऱ्या. तो तर सध्या माझ्यापेक्षा हवेशीर आहे.

तू जाताना बजावलं होतंस, की त्याला फक्त अंघोळ घाल, कात्री लावू नकोस. अंघोळ घातली. पण वाळल्यावर कानामागे एक जट दिसली, आणि वीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसासमोर कुणी असा गुंता घेऊन बसलं की हात शिवशिवणारच. एवढी एकच जट काढायची होती, आईशप्पथ. त्याला दुकानातल्या कापायच्या टेबलावर घेतलं, गळ्यात टेप घातली (माझ्या, त्याच्या घातली की तो खातो), पाठीवर खडूने रेघ मारली आणि जट उडवली. तर डावी बाजू दोन बोटं आखूड दिसायला लागली. उजवी कापून सारखी केली, तर आता डावीच लांब. त्यात गिऱ्हाईक स्थिर उभं राहीना. पँटचं माप देताना आजवर कुणी माझं तोंड चाटलेलं नाही. पोटापर्यंत पोचलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की कापडाला आत मार्जिन सोडलेलं असतं, चुकलं तर उसवून सैल करता येतं. कुत्र्याला मार्जिन नसतं. आत थेट कुत्राच असतो, आणि तोही केवढासा! एवढ्या केसांखाली तू इतकी वर्षं मूठभर जनावर पाळत होतीस, हे तुला तरी माहीत होतं का?

शेवटी डोक्यावर एक झुपका आणि शेपटीला गोंडा उरला. शेजारच्या चष्मेवाल्याने विचारलं, बकरी कधी घेतली. (लोकांचे डोळे तपासतो हा!) आरशात पाहून झिपऱ्या स्वतःवरच भुंकला.

खरं सांगतो ताई, मला भीती वाटतेय. मी तुझ्या दोन वेण्या कापल्या तेव्हा नऊ वर्षांचा होतो, आणि तेव्हाही दोन्ही बाजू सारख्याच करत होतो. त्यानंतर तू मला साधं बटणसुद्धा लावायला दिलं नाहीस. तीस वर्षांत पहिल्यांदा विश्वासाने काही सोपवलंस, ते हे. रविवारी दारात येऊन तू त्याला ओळखलंच नाहीस तर मी कुठलं तोंड दाखवू?

तुझा धाकटा आणि आता शहाणा झालेला भाऊ

ता. क. : रविवारऐवजी दोन महिन्यांनी आलात तर उत्तम. तिकडची हवा दाजींच्या पित्ताला मानवेल.

ता. क. २ : तो कुडकुडत होता म्हणून त्याला अस्तरासकट कोट शिवलाय. आयुष्यात इतकं बेतशीर काम माझ्या हातून झालं नव्हतं. कापड दाजींच्या सुटाचं. (ते त्यांनी तुझ्या चोरून माझ्याकडे शिवायला टाकलं होतं.) बिनबाह्यांचं जाकीट चालेल का, विचार त्यांना.

ता. क. ३ : दोन महिन्यांचं लिहिलंय ते खोड. रविवारीच या. मला त्याने तासाभरात माफ केलं, पण दोन दिवस धड जेवला नाही. कोट घालून दाराकडे तोंड करून बसलाय. मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. फक्त येताना अंबाडा घालून ये. दोन बाजू दिसल्या की माझा हात आवरत नाही.